नववीचा फाटा : हंटर कमिशनपासून इंटरनॅशनल स्कूलपर्यंत

शिक्षण म्हटले की आपल्या चळवळीत दोनच विषयांवर बोलणे होते. एक शिष्यवृत्ती, दुसरे आरक्षण. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर कधी पडणार, वसतिगृहाची यादी का रखडली, प्राध्यापक भरतीत बिंदुनामावली का डावलली, यावर आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. पण शाळेत नेमके काय शिकवले जाते, कुठल्या मुलाला कुठला विषय मिळतो, कुठल्या बोर्डाचा कागद कुठल्या दारापर्यंत नेऊन सोडतो, हा सगळा विषय आपण शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो आहोत. माझ्या मते ही चूक आहे आणि ती आता आपल्याला महाग पडू लागली आहे.

जळगावातल्या एका वस्तीत आम्ही काही कार्यकर्ते दरवर्षी शाळाप्रवेशाचे अर्ज भरून देतो. तिथल्या एका घरातला मुलगा पहिलीला आरटीईच्या सोडतीतून नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या एका शाळेत लागला होता. वस्तीने तेव्हा पेढे वाटले होते. मुलगा आठ वर्षे त्या शाळेत शिकला, बरा शिकला. आठवी पास झाला आणि नववीच्या फीचा कागद घरी आला. वडील हमाली करतात. आई म्हणाली, “भाऊ, आठवीलोंग चालनं, आते काय करानं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलाला शेवटी जवळच्या सेमी इंग्रजी शाळेत घातले. आठ वर्षे एका बोर्डाची पुस्तके वाचलेले पोरगे नववीत दुसऱ्या बोर्डाच्या पुस्तकांपुढे बसले, आणि दहावीची परीक्षा दीड-पावणेदोन वर्षांवर!

त्या शाळेने बेकायदेशीर काही केले नाही, हे आधी समजून घ्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ (१) (क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी. शाळेचे बोर्ड कुठले का असेना, राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई की केंब्रिज, अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर सगळ्यांना ते बंधनकारक. पण हा हक्क सहा ते चौदा वयाचा आहे. म्हणजे आठवीपर्यंतचा. जिथे माध्यमिक शिक्षण सुरू होते, जिथे विषय निवडायचे असतात, जिथून पुढचा रस्ता ठरतो, नेमके तिथेच कायदा आपले बोट सोडतो.

एसटीने फिरणाऱ्या माणसाला फाटा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. गाडी मोठ्या रस्त्याने पुढे जाते, तुम्हाला फाट्यावर उतरवते, आणि तिथून तुमच्या गावापर्यंत तुमचे तुम्ही. आपल्या मुलांचा फाटा नववीला आहे. आणि हा फाटा आरटीईने तयार केलेला नाही. त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८८२ साली ब्रिटिश सरकारने भारतीय शिक्षण आयोग नेमला. आपण त्याला हंटर कमिशन म्हणून ओळखतो, कारण जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे सादर केलेले निवेदन आपल्या प्रत्येक शिबिरात वाचले जाते. निवेदनाची मुख्य तक्रार आपल्याला पाठ आहे. सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, तो खर्च होतो उच्च शिक्षणावर, आणि त्या शिक्षणाच्या जोरावर वरच्या सरकारी जागांची मक्तेदारी ब्राह्मणांकडे जाते. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी.

निवेदन आपण वाचतो. त्या कमिशनने पुढे काय शिफारस केली ते मात्र सहसा वाचत नाही. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा कराव्यात असे कमिशनने सुचवले. एक शाखा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी. दुसरी व्यावहारिक, व्यापार-उदीम आणि तत्सम कामांसाठी मुले तयार करणारी. या देशातल्या माध्यमिक शिक्षणातला पहिला अधिकृत फाटा तो हा. गंमत अशी की दुसऱ्या शाखेला गिऱ्हाईकच मिळाले नाही. त्या काळी हायस्कुलात पोचलेली मुले बहुतेक उच्चवर्णीयांची होती आणि त्यांच्या बापांना पक्के ठाऊक होते की मामलेदार कचेरी, कोर्ट, कॉलेज या सगळ्यांचा रस्ता मॅट्रिकवरून जातो. हाताचे काम शिकवणारी शाखा त्यांना नको होती. ‘व्यावसायिक शिक्षण’ ही इतकी चांगली गोष्ट असती तर ती त्यांनी आधी स्वतःच्या पोरांना दिली नसती का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फुल्यांनीही प्राथमिक शाळेत शेतीची माहिती, आरोग्य, हिशेब असे व्यवहाराचे विषय मागितले होते आणि खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील असेही म्हटले होते. काही विद्वान यावरून म्हणतात की बघा, फुल्यांनासुद्धा दोन पातळ्यांचे शिक्षण मान्य होते. हे बरोबर नाही. ते प्राथमिक शाळेबद्दल बोलत होते, जिथे शाळाच नव्हती तिथे शाळा आणण्याबद्दल बोलत होते. शूद्रातिशूद्रांच्या मुलाने नांगरापुरते शिकावे असे त्यांना म्हणायचे असते, तर वरच्या जागांच्या मक्तेदारीवर त्यांनी एवढा आवाज उठवलाच नसता.

कमिशनने केलेला फाटा एक आणि जातीने केलेला फाटा दुसरा. जातीचा फाटा कुठल्याही अहवालात लिहिलेला नव्हता, पण तो वर्गात रोज दिसत होता. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन हायस्कूल ही मुंबईतली सरकारी शाळा. दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची बाबासाहेबांची इच्छा होती. अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. म्हणून फारसी घ्यावी लागली आणि १९०७ साली फारसी घेऊन ते मॅट्रिक झाले. आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगतो. ती अपमानाची आहेच. पण ती विषयनिवडीचीही गोष्ट आहे. वेळापत्रकात संस्कृत होते, फारसीही होती, शाळा सरकारी होती, फी भरलेली होती. कागदावर पर्याय सगळ्यांना खुले होते. प्रत्यक्षात एका मुलासाठी त्यातला एक बंद होता. पुढे त्यांनी स्वतःच्या मेहनतीने संस्कृत शिकून घेतले आणि धर्मशास्त्रे उलगडून दाखवली, तो त्यांचा पराक्रम. शाळेने मात्र आपले काम केले होते.

म्हणून कुणी मला ‘आमच्या शाळेत विद्यार्थ्याला विषय निवडायचे पूर्ण स्वातंत्र्य आहे’ असे सांगितले की मला पहिला प्रश्न पडतो : कुठल्या विद्यार्थ्याला?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारी अहवालातलेच आकडे मांडले. माध्यमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंचे लोकसंख्येच्या लाखामागे ३,००० विद्यार्थी, मुसलमानांचे ५००, मधल्या जातींचे १४०, आणि अस्पृश्य, डोंगरी जमाती, गुन्हेगार ठरवलेल्या जमाती मिळून जो मागास वर्ग त्याचे १४. तीन हजार आणि चौदा! प्राथमिकमध्येही दरी होतीच, पण ती एवढी खोल नव्हती. पायरी जसजशी वर जाते तसतशी दरी रुंदावते, हा त्या आकड्यांचा अर्थ. प्राथमिक शाळेचे दार किलकिले झाले तरी हायस्कुलाच्या दाराशी गाळणी लावलेली होती. मला वाटते, पुढच्याच वर्षी त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि हायस्कुलातल्या मुलांसाठी वसतिगृहांवर जोर दिला, त्याचे कारण इथे आहे. गाव सोडल्याशिवाय हायस्कूल नाही, आणि गाव सोडले तर राहायचे कुठे? सरकारी मदतीने पाच वसतिगृहे सुरू झाली : पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड. त्यात खान्देशातले एकही नव्हते. साक्री-शिरपूरच्या मुलाला सर्वांत जवळचे म्हणजे नाशिक.

खान्देशाशी बाबासाहेबांचा संबंध आपण चाळीसगावच्या टांग्यावरून सांगतो. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी ते १९२९ साली खान्देशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून २३ ऑक्टोबरला ते चाळीसगावला परतले. महाराला टांग्यात बसवायला टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी आपल्याच लोकांतल्या एकाने लगाम हातात घेतला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती, नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या समितीच्या कामावर हा पाय मोडला, त्या समितीने १९३० साली अहवालात काय म्हटले ते किती जणांना माहीत आहे? अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा वाढवत बसण्यापेक्षा सर्वांच्या सामाईक शाळा हेच धोरण ठेवावे, आणि मुलांनी तिथे टिकावे म्हणून शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवावीत. ‘आमच्यासाठी वेगळी, बरी शाळा काढा’ ही मागणी तेव्हाही सोपी होती. सरकारलाही ती आवडली असती. समिती त्या वाटेने गेली नाही.

हा वाद फक्त आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या मुलांना काय शिकवायचे यावर मोठे रण माजले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीला सुतारकाम, वीटकाम, शेती शिकवणारी संस्था उभी केली. आधी हाताला काम, मग बाकीचे, असा त्यांचा आग्रह. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी त्याला विरोध केला. काळ्या मुलांनी फक्त हत्यार धरायचे आणि ग्रीक, गणित, तत्त्वज्ञान गोऱ्यांनी शिकायचे, तर मुक्ती कसली, हा त्यांचा सवाल. बाबासाहेब कोलंबियात शिकत होते तेव्हा त्यांचे गुरू जॉन ड्यूई शाळेत ‘कामगारांचे शिक्षण’ आणि ‘इतरांचे शिक्षण’ असे दोन रस्ते करण्याला विरोध करत होते. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईसना पत्र लिहिले, त्याआधी कितीतरी वर्षे हा प्रश्न त्यांच्या कानावर असणार.

आणि आपल्या देशात? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळा अर्ध्या दिवसाची केली. उरलेला अर्धा दिवस मुलाने घरचे काम शिकायचे. घरचे म्हणजे बापाचे. पेरियारांनी त्याला कुलकल्वी, कुळाचे शिक्षण, म्हणून झोडपले. राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती योजना गुंडाळली. तामिळनाडूत आजही शिक्षणाच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर येतात याचे मूळ त्या लढ्यात आहे. आपल्याकडे अभ्यासक्रमावर तसा लढा झालाच नाही.

तरीही महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली, आणि तिचे महत्त्व आपण ओळखले नाही, असे माझे मत आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने हायस्कुलात पुन्हा फाटे काढले होते : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला, गृहविज्ञान, असे सात. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे उलटे केले. पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण, शाखा दहावीनंतर, आणि सगळ्या थरांतल्या मुलांसाठी सामाईक शाळा. सामाईक शाळेचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. पण दहा वर्षांचे एक शिक्षण महाराष्ट्राने स्वीकारले. जुन्या अकरावीच्या एसएससीत गणित-विज्ञान सोडून देता येत असे, आणि कोण सोडत होते हे सांगायला नको. मुली सोडत होत्या, खेड्यातली पोरे सोडत होती. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, ती गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे करून.

धडगावच्या आश्रमशाळेतली पावरा मुलगी, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतला आपला पोरगा आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतला मुलगा, तिघांच्या हातात एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच प्रश्नपत्रिका! या देशात जिथे पाणवठा एक नव्हता, स्मशान एक नव्हते, तिथे प्रश्नपत्रिका एक झाली.

मला माहीत आहे, यावर तुम्ही काय म्हणाल. पेपर एक होता, तयारी एक नव्हती. गणित आणि इंग्रजीने आपली किती पोरे दहावीत आपटली, घरोघर एक तरी सापडेल. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही तिथे गणित सक्तीचे करून काय साधले? हा प्रश्न खरा आहे. मध्यंतरी बोर्डाने सोपे ‘सामान्य गणित’ पर्याय म्हणून ठेवले तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना बरे वाटले होते. मला वाटते शिक्षक मागायला हवा होता, सोपा पेपर नाही. सोपा पेपर घेतलेला मुलगा दहावी पास झाला, पण विज्ञान शाखेचे दार त्याच्यासाठी तिथेच लागले.

आता इंटरनॅशनल स्कूलकडे येऊ.

जळगाव-धुळ्यात ज्या शाळांच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेले असते, त्यांतल्या बहुतेकांचे बोर्ड चौकशी केल्यावर सीबीएसई निघते. म्हणजे आंतरराष्ट्रीय फक्त पाटी. पण पाटीचाही अर्थ असतो. ‘आमची मुले तुमच्या पेपरला बसणार नाहीत’ असा तो अर्थ. जळगावजवळ जैन उद्योगसमूहाच्या भवरलाल जैन यांनी २००७ साली अनुभूती ही निवासी शाळा सुरू केली. ती आयसीएसईची. त्याच समूहाने पुढे गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी शहरात वेगळी इंग्रजी माध्यमाची शाळाही काढली, हे नोंदवायला हवे. त्यामागच्या भावनेवर मला शंका नाही. अशा कामाने काही घरांचे भले होते. माझा प्रश्न फक्त रचनेचा आहे आणि तो एका संस्थेपुरता नाही. फी भरणाऱ्यांची एक शाळा आणि गरिबांची दुसरी, ही रचना दात्याच्या मनात जितकी सहज येते तितकी सहज ती आपल्याही मनात का येते? स्टार्ट समितीला १९३० साली जे कळले होते ते आपण विसरलो का?

खरी आंतरराष्ट्रीय बोर्डे म्हणजे आयबी आणि केंब्रिज. आयबी १९६८ साली जिनिव्हात सुरू झाले, एका देशातून दुसऱ्या देशात बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय असतात, काही वरच्या पातळीवर आणि काही साध्या पातळीवर, शिवाय एक मोठा स्वतंत्र निबंध आणि ‘ज्ञान म्हणजे काय’ यावरचा विषय. खोटे कशाला बोलू, अभ्यासक्रम चांगला आहे. पाठांतर कमी, प्रश्न विचारणे जास्त. आपल्या मुलांना हेच हवे आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसईत मात्र एक बारीक गोष्ट आहे. गणितासारख्या विषयात दोन पेपर असतात, ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’. कोअर घेणाऱ्या मुलाने सगळे बरोबर सोडवले तरी त्याला ‘सी’च्या वर ग्रेड मिळत नाही. म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच छत ठरलेले. कुठल्या मुलाने कुठला पेपर घ्यायचा हे शाळा ठरवते.

दूरची गोष्ट वाटत असेल तर जवळ या. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचे दोन पेपर केले, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. बेसिकवाल्याला अकरावीत गणित मिळणार नाही, असा मूळ नियम. करोनाच्या काळात तो सैल केला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे की गणितापासून सुरुवात करून पुढे सगळेच विषय दोन पातळ्यांवर ठेवता येतील. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे आणि सरकार स्वतः ‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणते आहे. आज जे पोरगे पहिलीत आहे, ते २०३५ च्या आसपास दहावीला पोचेल तेव्हा त्याच्यापुढे एक पेपर असेल की दोन? दोन असतील तर वस्तीतल्या पोराच्या हातात कुठला ठेवला जाईल? ‘तुझ्या कुवतीप्रमाणे घे’ असे त्याला सांगितले जाईल. दहावीच्या मुलांची कलचाचणी निघाली तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता. ज्याने प्रयोगशाळा पाहिलीच नाही त्याचा कल विज्ञानाकडे कसा दिसणार? कल घरात घडतो, घर जातीत असते. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते हेच.

सरकारी शाळेत चांगला अभ्यासक्रम आणता येतच नाही, असे कुणी म्हणेल तर तेही खरे नाही. २०१८ साली राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीसारख्या जिल्हा परिषदेच्या शाळा त्यात होत्या. पहिल्या १३ शाळांना ‘ओजस’ नाव दिले. सरकार बदलले, २०२१ मध्ये मंडळ बंद झाले, मुले पुन्हा बालभारतीच्या पुस्तकांवर आली. मंडळात दोष होते, घाईही होती. पण श्रीमंतांच्या पोरांचे बोर्ड असे तीन वर्षांत बंद पडलेले कुणी पाहिले आहे का? मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये विलेपार्ल्यात आयबीची आणि माटुंग्यात केंब्रिजची शाळा सुरू केली. दोन शाळा. खान्देशात एकही नाही. आणि असती तरी त्या एका शाळेसाठी सोडत निघाली असती, आपण पेढे वाटले असते, आणि बाकीच्या वस्तीकडे पाहायचे विसरलो असतो.

आता थोडे आपल्याच माणसांबद्दल. आपल्यातला जो नोकरदार वर्ग तयार झाला आहे, रेल्वेतला, बँकेतला, आयुध निर्माणीतला, शिक्षक-प्राध्यापकांचा, त्याने आपली मुले केव्हाच राज्य मंडळातून काढून घेतली. मी त्यांना दोष देत नाही. १९३७ साली पूर्व खान्देशातून स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर दौलतराव जाधव विधानसभेत गेले, तेव्हा इंग्रजीत बोलू शकणारा आपला माणूस शोधावा लागत होता. आज इंग्रजी बोलणारी आपली मुले आहेत याचा आनंदच आहे. पण जयंतीच्या व्यासपीठावरून ‘जिल्हा परिषदेच्या शाळा वाचवा’ म्हणायचे आणि खाली उतरून मुलाच्या इंटरनॅशनल स्कूलची बस गाठायची, हे पोरांना दिसते. ज्याच्याकडे बोलायची ताकद आहे तो त्या शाळेतून निघून गेला, म्हणून त्या शाळेसाठी बोलायला कोणी उरले नाही. भुसावळच्या केंद्रीय विद्यालयात बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याची मुलगी आणि खलाशाचा मुलगा एका बाकावर बसू शकतात, तर जळगावच्या महापालिका शाळेत डॉक्टरचा मुलगा का नाही?

मग मागायचे काय? माझ्या डोक्यात आज एवढेच आहे. पंचवीस टक्क्यांचा हक्क बारावीपर्यंत न्या. २०१९ च्या धोरण मसुद्यात आरटीई बारावीपर्यंत वाढवण्याची शिफारस होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती तशी राहिली नाही. हे कुणी विचारले का? राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून, सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली, तेव्हा पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे लढले तर मिळते. दुसरे, दहावीपर्यंत कुठल्याही विषयाचे दोन पेपर नकोत. गणित अवघड जाते तर गणिताचा शिक्षक द्या. तिसरी मागणी मला स्वतःलाच अजून नीट मांडता येत नाही. ती सामाईक शाळेची. तिच्यावर आपण बसून बोलले पाहिजे.

पण मागायच्या आधी आपल्याकडे माहिती हवी. आरटीईतून किती मुले पहिलीत लागली याची यादी दरवर्षी निघते. त्यातली किती नववीत त्याच शाळेत राहिली, याची यादी कोणी काढत नाही. ती आपण काढू. ३१ जुलैला लळिंगला, बाबासाहेब जिथे मुक्कामी राहिले त्या लांडोर बंगल्यावर, जळगाव, धुळे, नंदुरबारहून आपले लोक येतातच. त्या दिवशी पायथ्याशी आमचे एक टेबल असेल. फॉर्म एका पानाचा आहे. मुलाचे नाव लिहायचे नाही. शाळेचे बोर्ड, आठवी कुठल्या वर्षी, नववी कुठे, आणि शाळा बदलली असेल तर का, एवढेच. ज्यांच्या घरात किंवा शेजारी असे मूल आहे त्यांनी येताना शाळा सोडल्याचा दाखला बघून या, म्हणजे वर्षे चुकणार नाहीत. वस्तीत फिरून फॉर्म भरून घ्यायला ज्यांना जमेल त्यांनी आधी कळवा, छापील प्रती पाठवतो.

जयभीम.